गोमाच्या घरातले ढेकूण

दीपाने काडीने कुडाच्या फटीतलं सुकलं शेण खरवडलं आणि आतून एक किडा सावकाश बाहेर आला. काळा, कडेने नारिंगी पट्टे असलेला, बोटाच्या पेराएवढा. त्याला पळायची घाई नव्हती. पोट इतकं तट्ट फुगलं होतं की पाय भिंतीला जेमतेम टेकत होते.

बोईसरच्या कॉलेजात शिकवणारी दीपा तीन महिने मनोरच्या आसपास मारेकरी ढेकणांची मोजदाद करत होती. सागाचं रान झालं, शेताचे बांध झाले, वारुळं झाली. दुसऱ्या किड्यांत सोंड खुपसून त्यांना आतून शोषणारे हे ढेकूण. काही तर मेलेल्या मुंग्या पाठीवर रचून हिंडतात. तिला त्याची सवय झाली होती. हाही त्यांच्यातलाच, पण रक्त पिणारा.

तिने त्याला चिमट्याने बाटलीत टाकलं. ताणलेल्या कातडीतून आतलं लाल दिसत होतं. जुनं रक्त काळं पडतं. हे फार तर कालचं.

"जमुनाताई, हे घर कधीपासून बंद आहे?"

"दिवाळीपासून." वाट दाखवायला आलेली जमुना उंबरठ्याबाहेरच उभी होती. "गोमा न् त्याची माणसं वीटभट्टीवर गेलीत. आत कोण नाय."

दीपाने कोपरे धुंडाळले. उंदराची एक लेंडी नव्हती. चूल थंड, भिंतीला लागून ठेवलेली खाट रिकामी. भर दुपारी बाहेर पाखराचाही आवाज नव्हता. मग डोक्यावर, माळ्यावरचं गवत चुरचुरलं. आणि थांबलं. कोणीतरी श्वास रोखावा तसं.

"वर कोण आहे?"

जमुना आत आली. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

"माझी बहीण हाय, तानी. नवऱ्यानं हात मोडला तिचा. आता पाड्यापाड्यात शोधत फिरतो." तिने दीपाच्या वहीकडे पाहिलं. "लिवू नको, बाय."

वहीत एक रकाना होता : रक्त कोणाचं. तिथे 'माणूस' लिहिलं की फवारणीवाले येणार, चौघांना विचारणार, गोष्ट बाजारापर्यंत जाणार. तीन महिन्यांत दीपाने एकही खोटी नोंद केली नव्हती. तिने 'उंदीर' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचंच तिला नवल वाटलं.

वही मिटून ती घराच्या मधोमध उभी राहिली आणि कोणाकडेही न बघता मोठ्याने म्हणाली,

"हे किडे अंधारात कुडातून उतरतात. झोपलेल्याला तोंडाजवळ चावतात, कळतही नाही. खाली खाटेवर झोपायचं तर ती भिंतीपासून लांब ओढून घ्यायची."

दोघी बाहेर पडल्या. जमुनाने बाहेरून कडी घातली.

दोघी मोहाच्या झाडापर्यंत पोचल्या असतील. मागे, त्या बंद घरात, सारवलेल्या जमिनीवरून लाकूड घासल्याचा आवाज आला. थोडा ओढून थांबणारा, पुन्हा थोडा ओढणारा. एकाच हाताने.

दोघींपैकी कोणीही मागे वळून पाहिलं नाही.