न झिजलेले ब्रेक

बतिस्त एचेपारे माझ्या गॅरेजमध्ये आले ते हुकूम सोडतच.

"नव्या पिकअपला ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर बसव. फक्त कंट्रोलर. ट्रेलरला हात लावायचा नाही, त्याचं वायरिंग मी स्वतः केलंय."

वायोमिंगच्या या डोंगरापायथ्याला गाडीमागे ट्रेलर जोडायचा असेल तर वायरिंग करावं ते मीच, म्हणजे वर्ना टोर्स्टेन या बाईनंच. हे मी सांगायची गरज नाही, गावाला माहीत आहे. पण म्हाताऱ्यांना अजून हे गॅरेज आधी चालवणाऱ्या माझ्या बापाचीच आठवण येते.

"कधी केलं होतं?" मी विचारलं.

"दहा वर्षं झाली. आणि ऐकून ठेव, दहा वर्षांत ब्रेकचे लायनर बदललेले नाहीत. गाडी हाकता येत असली की ब्रेकला काम उरत नाही."

त्यांच्या मागे मुलगी मायालेन उभी होती. तिनं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. हे वाक्य तिला तोंडपाठ असणार.

शनिवारी डोंगरावरचे सगळे कळप खाली उतरायचे होते. मेंढ्या चालत येतात; घोडे आणि छावणीचं बिऱ्हाड ट्रेलरमधून येतं. दरवर्षी एचेपारे स्वतः ट्रेलर आणत. यंदा उन्हाळ्यात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, म्हणून चार घोडे घेऊन तो दहा मैलांचा उतार मायालेन उतरणार होती. पहिल्यांदाच, आणि एकटी.

"मी कंट्रोलर बसवला की मागचं सगळं माझ्या नावावर जातं," मी म्हटलं. "ट्रेलर तपासल्याशिवाय गाडी सोडणार नाही."

"तुझा बाप नव्हता तपासत."

"म्हणून तर त्याच्यावर सगळे खूश होते."

ते फुरफुरले, पण काठी टेकत ट्रेलरच्या मागे गेले आणि मायालेनला दिवे लावायला लावले. मागचे लाल दिवे लागले. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, सगळं चोख.

"बघितलंस? दिवे लागतात, म्हणजे वायरिंग ठीक आहे."

आमच्याकडचं हे शास्त्रच आहे. दिवे बघायचे, ट्रेलरवर एक थाप मारायची आणि निघायचं. पण दिव्यांना चिमूटभर वीज पुरते. ब्रेकचं तसं नाही. पेडल दाबलं की कंट्रोलर निळ्या वायरीतून ट्रेलरकडे वीज सोडतो, तिच्या जोरावर चाकातलं चुंबक ड्रमला चिकटतं आणि लायनर आवळले जातात. त्याला भरपूर वीज लागते, आणि गेली तेवढी परतही यावी लागते. परतीची पांढरी वायर एचेपारेंनी जोडलीच नव्हती. टेप गुंडाळून बाजूला ठेवली होती, तीही अगदी नीटनेटकी.

"लोखंडाला लोखंड टेकलेलं असताना परतीला वायर कशाला?" ते म्हणाले.

टेकलेलं होतं ते एकाच ठिकाणी. ट्रेलरचा दांडा पिकअपच्या ज्या गोळ्यावर बसतो, तिथं. आणि माणूस काळजी घेणारा, म्हणून त्या गोळ्यावर बोटभर ग्रीस थापलेलं. ग्रीसमधून दिव्यांपुरती वीज कशीबशी येत होती.

मी जॅक लावला. एक चाक उचललं, ड्रम काढला, आतलं चुंबक सोडवलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"कसं दिसतंय?"

त्यांनी अंगठा फिरवला. "नवं आहे."

"दहा वर्षांचं आहे. ड्रमला नीट चिकटलं असतं तर आत्तापर्यंत घासून गुळगुळीत झालं असतं."

"मी उतारावर ब्रेक मारत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये टाकतो आणि—"

"म्हणूनच तुम्हाला कळलं नाही. गाडी चांगली हाकता म्हणून वाचलात. या ट्रेलरला ब्रेक नव्हतेच."

जरा जास्तच तोडून बोलले मी. पण शनिवारी उतारावर मायालेन असणार होती, आणि गोड बोलून चुंबकाला वीज मिळत नाही.

मायालेननं वाकून ते चुंबक बघितलं. मग बापाला त्यांच्या बास्क बोलीत हाक मारून म्हणाली, "आइता, आई असताना त्या उतारावर तुझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपायची."

एचेपारे माझ्या स्टुलावर बसले. पुढचे तीन तास ते चुंबक हातात फिरवत राहिले.

मी काम केलं, आणि सांगायला लाज कशाला, छान केलं. पांढरी जाड वायर थेट बॅटरीपर्यंत नेली. दहा वर्षं पडून राहिलेल्या चुंबकांवर माझा भरवसा नव्हता, म्हणून चारही चाकांना नवी घातली. मीटर लावला, काटा जिथं जायला हवा तिथं गेला.

मग लोकरीच्या गोदामामागच्या रिकाम्या रस्त्यावर आम्ही तिघं निघालो. मायालेन चालवत होती, बाप शेजारी, मी मागे.

"ताशी तीस मैलांवर आण," मी म्हटलं. "आता पाय काढ आणि कंट्रोलरची ही पट्टी हातानं ढकल. नुसते ट्रेलरचे ब्रेक लागतील."

तिनं ढकलली. मागून कुणी कॉलर धरावी तशी गाडी जागच्या जागी खेचली गेली. एचेपारेंनी समोरचा डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला.

"असे लागतात होय ब्रेक," ते म्हणाले.

मायालेन हसली. तिनं आणखी दोनदा करून बघितलं. तिच्या खांद्यांवरचा ताण गेलेला मला मागूनही दिसला, आणि मला माझ्या हातांचं कौतुक वाटलं.

गॅरेजवर परतल्यावर बापलेक निघतील असं वाटलं होतं. एचेपारे गाडीतून उतरले, टोपी काढली आणि दारातच उभे राहिले.

"वर्ना, उद्या-परवा तुला वेळ आहे का?"

"का?"

"अजून सहा ट्रेलर आहेत. शेजाऱ्यांचे. लोकांना माझं वायरिंग आवडलं, म्हणून हौसेनं करून दिलं." ते थांबले. "शनिवारी सगळेच उतरणार आहेत. आणि सगळेच काही दुसऱ्या गिअरमध्ये येत नाहीत."

"आणा. सगळे करून देते," मी म्हटलं. "मी फोन करू का त्यांना?"

"नाही."

त्यांनी चष्मा लावला आणि स्वतःच पहिल्या शेजाऱ्याचा, कॉयचा, नंबर फिरवला.

"कॉय, बतिस्त बोलतोय. तुझा ट्रेलर डोंगरावर नेऊ नकोस, आधी वर्नाकडे आण... हो, दिवे लागतात. दिवे लागतीलच रे... नाही, तू काही केलेलं नाहीस. चूक माझी आहे."

मायालेननं चमकून वर बघितलं. आइताच्या तोंडून हे वाक्य ती पहिल्यांदा ऐकत असावी.

एचेपारेंनी फोन ठेवला. एका हातात ते कोरं चुंबक तसंच होतं. दुसऱ्या हातानं त्यांनी पुढचा नंबर लावला.