बर्फाच्या आडाचं पाणी

अल्जीयर्सहून गुहांचा अभ्यास करणारी पाच मुलंमुली गावात आली आणि चौकात मलाच विचारतात, "आजोबा, मोकरानकाकांचं घर कुठे?" अरे, मी समोर उभा आहे! बर्फाचा आड दाखवला कुणी? मी. परदेशी लोकांना पहिल्यांदा वर नेलं कुणी? मी. आणि विचारायचं कुणाला, तर मोकरानला. पस्तीस वर्षं हेच चाललंय. एव्हाना सवय व्हायला हवी होती, पण नाही झाली.

स्पष्टच सांगतो, मला त्याचा हेवा वाटतो. चुलतभाऊ आहे, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मला 'दा बूसाद', म्हणजे बूसाददादा, म्हणून मान देतो. त्या 'दा'नेसुद्धा माझं डोकं उठतं.

चौऱ्याऐंशी साली बेल्जियमची मंडळी आमच्या जुर्जुराच्या डोंगरात आली. त्यांचा म्होरक्या ल्युक. जमिनीत खोल उतरलेली भोकं शोधत होते. माझी एक शेळी शिखराखालच्या अशाच एका भोकात, आम्ही ज्याला बर्फाचा आड म्हणतो त्यात, पडली होती, म्हणून ती जागा मला ठाऊक. भर उन्हाळ्यात आत बर्फ असायचा. मी त्यांना तिथे नेलं. दोन आठवडे त्यांचे दोर वाहिले, कार्बाइडचे दिवे पेटवायला शिकलो, दोरावरून उतरायलाही शिकलो. मोकरान माझ्यामागे शेपटासारखा. ल्युक म्हणाला होता, तळापर्यंत जाताना गावातला एक जण बरोबर घेऊ. तो मीच, यात शंका कसली? मी बायकोला सांगून टाकलं, आईला सांगितलं, गावपंचांच्या बैठकीच्या कट्ट्यावर बसून सगळ्या गावाला सांगितलं.

आणि मग ती चीर आली. दोनशे मीटर खाली, खडकात आडवी, बोटभरच मोठी वाटावी अशी. मी छातीपर्यंत गेलो आणि अडकलो. पुढे जाता येईना की मागे येता येईना. ल्युकने पाय धरून ओढलं तेव्हा मी बाहेर आलो, पण शर्ट आतच राहिला. "दा, श्वास सोड, श्वास सोड!" मागून मोकरानचा शहाणपणा चालूच. मग हाडांचा सापळा असलेला हा गडी स्वतः घुसला आणि घरात शिरावं तसा पलीकडे गेला. तिथून ओरडतो, "दा, इथे नदी आहे!"

नदी आहे म्हणे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यानंतर रोज तो खाली आणि मी तोंडाशी, दोर ओढायला. शेवटी ल्युकने ठरवलं की त्या नदीत रंग ओतायचा आणि पाणी कुठे निघतं ते बघायचं. आमचं गाव आडापासून नऊशे मीटर खाली. रंग आमच्या झऱ्याला आला, तर आड नऊशे मीटर खोल असू शकतो हे सिद्ध, मग जगभरचे लोक धावत येणार. रंगाचा डबा चिरेतून पलीकडे नेऊन ओतणार कोण? मोकरान, दुसरं कोण!

मला ल्युक म्हणाला, "तू झऱ्यावर बसून लक्ष ठेव." मला हसूच आलं. आमच्याकडे झरा बायकांचा. पुरुष तिथे रेंगाळला तर बैठक दंड करते, आणि दंड परवडला, पण बायकांचे टोमणे नकोत. तिथली गोष्ट पुरुषांच्या कानावर यायची नाही, आली तरी चारचौघांत निघायची नाही. म्हणून काम माझ्या बायकोला दिलं. बायकांच्या पायमोज्यात कोळसा भरून ल्युकने एक पुरचुंडी दिली होती, डोळ्यांना दिसला नाही तरी रंग त्या कोळशात उतरतो म्हणे. घनीमाने ती झऱ्याच्या तोंडाशी बांधली.

तिसऱ्या दिवशी सकाळी घनीमा रिकामी घागर घेऊन परत आली. "अहो, पाणी हिरवंगार झालंय! बायका घागरी ओतून टाकतायत. काय टाकलंत काय तुम्ही लोकांनी?"

मला आनंद व्हायला हवा होता. पाणी माझ्या गावात आलं होतं, मी दाखवलेल्या आडातून आलं होतं. पण मला डोळ्यांपुढे काय दिसलं? मोकरान. मोकरानने ओतलेला रंग, मोकरानची नदी, पेपरात मोकरानचा फोटो. आणि मी कोण, तर चिरेत अडकलेला.

"गप्प बस," मी घनीमाला म्हणालो. "एक शब्द बोललीस तर बघ."

पाणी निवळल्यावर ती पुरचुंडी तिला काढून आणायला लावली, चुलीत टाकली आणि दुसऱ्या मोज्यात घरचा कोळसा भरून, भिजवून तशीच पुरचुंडी ल्युकला नेऊन दिली. "काही आलं नाही," म्हणालो. त्याचा चेहरा असा पडला! पाणी डोंगरापलीकडच्या खोऱ्यात जात असणार, असं ठरवून मंडळी निघून गेली आणि परत फिरकलीच नाहीत.

बरं, एवढं करून मला मिळालं काय? मोकरान काही थांबला नाही. दुसरे आड शोधले, दुसऱ्या लोकांबरोबर उतरला, डोंगरात याच्याशिवाय पान हलेना. पाप माझ्या माथी आणि नाव त्याचं!

तर ही मुलं. मोकरानच्या अंगणात ॲशच्या झाडाखाली बसलो. मीही गेलो, न बोलावता गेलो. त्यांच्यातली सिलिया नावाची मुलगी वही काढून आठवणी लिहून घेत होती; शनिवारी ती सगळी त्याच नदीत पुन्हा रंग ओतणार होती. मोकरान नदीचं वर्णन करत होता, आणि मी ते तोंडपाठ असल्यासारखं ऐकत होतो.

"एक कळत नाही," ती म्हणाली. "नकाशा बघितला तर पाणी याच गावात निघायला हवं. त्या वेळी झऱ्यावर कोण होतं?"

"माझी बायको," मी म्हणालो. काय करणार, मोकरानला ते ठाऊकच होतं.

"मग त्यांनाच विचारते! मी मुलगी, मला कोण अडवणार?" ती हसत उठली.

मी कॉफीचा पेला खाली ठेवला. घनीमा खोटं बोलत नाही. गप्प राहिली ती राहिली, पण विचारलं तर सांगणार. मग मला कट्ट्यावर तोंड दाखवायची सोय नाही.

"अगं बस," मोकरान म्हणाला. "तिला काय विचारतेस? चूक माझी होती. चिरेतून जाताना माझ्या हातून डबा निसटला, रंग सगळा खडकावर सांडला. लाजेने ल्युकला सांगितलंच नाही. शनिवारी नीट ओता, इथेच येईल पाणी."

मुलं हसली. "काय काका! पस्तीस वर्षं?" तोही हसला, मान खाली घालून. सिलियाने ते वहीत लिहून घेतलं.

मुलं तंबूकडे गेली. मी बसूनच होतो.

"डबा सांडला होता?"

"छे. शेवटचा थेंबसुद्धा नदीत झटकला."

"मग?"

"माझ्या आईने त्याच सकाळी सांगितलं, दा. घागर ओतून देऊन घरी आली होती."

"मग बोलला का नाहीस? ल्युकसमोर, बैठकीसमोर... का नाही बोललास?"

मोकरानने पेले गोळा केले. आवाजात राग नाही की कुत्सितपणा नाही.

"मी खाली जाऊन आलो होतो, दा. तुला तर तेवढंही मिळालं नव्हतं."

म्हणजे कीव! पस्तीस वर्षं मी याचा हेवा करतोय आणि पस्तीस वर्षं हा माझी कीव करतोय. एक थोबाडीत मारली असतीस तर बरं झालं असतं, असं ओठांवर आलं होतं. उठलो आणि घरी आलो.

शनिवारी पाणी हिरवं होईल. मुलं नाचतील, आणि त्या न सांडलेल्या डब्यावरून सारं गाव मोकरानला हसेल. तोही त्यांच्याबरोबर हसेल. त्याच्या त्या हसण्याचाही मला हेवा वाटणार आहे, हे मला आत्ताच माहीत आहे.