गोलात थांबलेली सोंड

पितळी नळीची, तीन पायांवर उभी राहणारी आणि पुढच्या काचेला कडेने बुरशी लागलेली अशी मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. आज तुम्ही मला तलावाच्या धक्क्यावर, कठड्यापाशी पाहता. तुमची आई तुम्हाला मागून उचलून धरते, तुम्ही एक डोळा घट्ट मिटता आणि विचारता, "सोंड कुठाय?" बहुतेक दिवशी सोंड नसते. मग तुम्ही बदके पाहून निघून जाता. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटण्याची माझी सवय फार पूर्वीच गेली.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. तेथे एका बाजूस पितळ कातणारे यंत्र होते व दुसऱ्या बाजूस काच घासणारा वृद्ध कारागीर बसे. मला खोक्यात भरणाऱ्या हमालाला तो म्हणाला, "काचेला बोट लावशील तर याद राख. तुझ्या हाताचं तेल उद्या कुणाला तरी ढग म्हणून दिसेल."

"मग आजोबा, पाऊसही माझ्याच नावावर मांडा," हमाल म्हणाला.

त्यानंतर खोक्याचे झाकण बसले. त्या दोघांचे पुढे काय झाले, ते मला कळले नाही.

माझी नेमणूक एका विस्तीर्ण तलावाच्या काठी, टेहळणीच्या मनोऱ्यावर झाली. पलीकडचा काठ स्वच्छ हवेतही केवळ निळ्या रेघेसारखा भासे. या तलावावर सोंडा उतरत. पुस्तकात त्यांना जलस्तंभ म्हणतात; धक्क्यावरची माणसे सोंडच म्हणत.

सोंड केव्हा व कोठे पाहावी, हे मी तुम्हास सांगते, कारण माझे सारे आयुष्य त्यातच गेले. उन्हाळाभर तापलेले पाणी आपली ऊब लवकर सोडत नाही. ऋतू पालटू लागला आणि त्या उबदार पाण्यावरून गार वारा वाहू लागला, की तलावावर ढगांची एक लांबच लांब ओळ उभी राहते. ढगांचे माथे कापसासारखे फुगलेले असतात, तळ मात्र पाटीसारखा सपाट व काळा असतो. सोंड शोधायची ती या तळाखाली, आणि तीही सकाळच्या वेळी, दुपार कलण्यापूर्वी. नवशिका माणूस आकाशाकडे पाहतो. जाणता आधी पाण्याकडे पाहतो. प्रथम पाण्यावर एक काळसर वाटोळा डाग पडतो. मग डागाभोवती पाणी वळसे घेते, त्याच्या कडेने तुषारांचे कडे उठते, आणि तेव्हा कुठे ढगातून राखी रंगाची सोंड खाली उतरलेली दिसते. ती फार काळ टिकत नाही. पावसाची गार सर तिच्यापर्यंत पोचली की ती बारीक होते, वाकते व तुटते. परंतु तिच्या वाटेत सापडलेली नाव तेवढ्यात उलटते.

मनोऱ्यावर माझ्यामागे बसणाऱ्या माणसाला सारे टेहळ्या म्हणत. त्याची बायको खाली धक्क्यावर तिकीटखिडकीत बसे, आणि तिचा धाकटा भाऊ पलीकडच्या काठापर्यंत लाँच चालवी. निशाणाची काठी मनोऱ्याला लागून होती व तिची दोरी थेट तिकीटखिडकीपाशी खाली येई. टेहळ्याने वरून रंग सांगायचा व बायकोने दोरी ओढायची. पांढरे निशाण असेल तर लाँच निघे; लाल चढले की असेल तेथून मागे फिरे.

लाँचवाला रोज सकाळी खालून ओरडे, "दाजी, डोळा लावलाय का डोळा लागलाय?"

"तुझ्या बहिणीनं घरी झोपू दिलं तर इथं कशाला लागेल!"

"ताई, ऐकलंस का? भर धक्क्यावर बदनामी चाललीये तुझी."

"दोघंही कामं करा," खिडकीतून आवाज येई. "आणि तू स्वेटर घाल. गेल्या आठवड्यात शिंकत होतास."

"अगं, लाँच मी चालवतो की तू?"

"लाँच तू चालव. तुला मी चालवते."

तिकिटाच्या रांगेत हशा पिके. ते माझे सुखाचे दिवस होते, असे लोक म्हणतील. पाहुणे येत, माझ्या काचेची वाखाणणी करीत. टेहळ्या मऊ फडक्याने मला पुसून ठेवी व दुसऱ्या कुणाला त्या फडक्यास हात लावू देत नसे.

आता आमच्या कामाची रीत नीट ध्यानात घ्या. सोंड दिसताच टेहळ्या मला तिच्यावर रोखी आणि माझा पेच आवळून टाकी. मग मी तसूभरही हलत नसे. माझ्या आत एक गोल दिसतो. त्या गोलातून सोंड डावीकडे वा उजवीकडे सरकून बाहेर गेली, तर ती चालती सोंड, लाल निशाण. गोलातच राहिली, तर ती उभी सोंड, जागच्या जागी विरणारी, पांढरे निशाण. हा नियम मनोऱ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला होता. तो कुणी ठरवला हे कुणास ठाऊक नव्हते. आमच्याकडचा वारा बहुधा तलावाच्या लांबीने वाहत असल्यामुळे सोंडा आमच्या समोरून आडव्या जात, आणि वारा पडलेला असेल त्या दिवशी एखादी खरोखरच उभ्या उभ्या विरून जाई. त्यामुळे नियम वर्षानुवर्षे खरा ठरत आला.

त्या सकाळी वारा पलीकडच्या काठाकडून सरळ आमच्याकडे येत होता. निशाणाचे कापड मनोऱ्याच्या भिंतीवर फटफट आपटत होते. लाँचवाला टपालाच्या थैल्या घेऊन एकटाच निघाला होता व बराच आत गेला होता. त्याच्या पुढे, ढगाच्या काळ्या तळाखाली, एक सोंड उतरली.

"अहो, लाल ओढू का?" खालून बायकोने विचारले. "मला इथूनही दिसतेय ती."

"थांब. पेच आवळलाय. गोलातच आहे."

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "अहो, जाड दिसायला लागलीये."

"फुगतेय जागच्या जागी. हलत नाहीये अजिबात. पांढरंच राहू दे."

"नक्की ना?"

"अगं, भिंतीवर लिहिलंय. मी काय मनचं सांगतोय?"

तिने दोरी धरून ठेवली, पण ओढली नाही.

माझ्या गोलात वर सोंड होती व खाली लाँचचे छप्पर होते. लाँचवाल्याने वेग कमी केला. त्याने मागे वळून काठीकडे पाहिले. पांढरे निशाण पाहून त्याने आमच्याकडे हात उंचावला आणि लाँच पुन्हा पुढे काढली.

मित्रांनो, दुर्बिणीला पापणी नसते. सोंड मोठी झाली, गोलाएवढी झाली, मग गोलात मावेना. ती डावीकडे सरकली नव्हती, उजवीकडे सरकली नव्हती. ती येत होती.

"लाल!" टेहळ्या ओरडला. खाली दोरी ओढली गेली. लाल निशाण वर चढले, तेव्हा ते पाहण्यास लाँचवर कोणी नव्हते.

लाँच त्याच दिवशी पालथी सापडली. लाँचवाला दुसऱ्या दिवशी सापडला. त्याच्या अंगात स्वेटर होता.

चौकशीस साहेब आले. त्यांनी भिंत वाचली, माझा पेच फिरवून पाहिला आणि सर्व काही नियमानुसार झाल्याचे सांगितले. टेहळ्याने विचारले, "साहेब, मग चूक कुणाची?"

"तुमची नाही. घरी जा, आराम करा."

साहेब जिना उतरून गेले तरी टेहळ्या उभाच होता. पुढे तो नित्याप्रमाणे कामावर येई, मला तलावाकडे वळवी व बसे. त्याचा डोळा माझ्या काचेला लागलेला असे, पण तो काही पाहत होता असे मला वाटत नाही. त्याने मला पुसणे सोडले. खाली त्याची बायको तिकिटे फाडी. लाँच नवी आली, चालवणारा नवा आला. धक्क्यावरून वर कुणी हाक मारीत नसे. मलाही काही वाटेनासे झाले. काचेवर धूळ बसली, बसू दिली.

मग एके दिवशी बायको प्रथमच मनोरा चढून वर आली. घरी ती दोघे एकमेकांशी किती बोलत, ते मला माहीत नाही, तेथे मात्र ती सरळ म्हणाली, "पेच कसा आवळता, दाखवा."

"कशाला आता?"

"दाखवा म्हणते ना."

त्याने दाखवले. नवी लाँच पलीकडून धक्क्याकडे परत येत होती. बायकोने मला तिच्यावर रोखले, पेच आवळला आणि बाजूला सरकली. "बघा. बाहेर जाते का?"

तो पाहत राहिला. लाँच गोलातच होती. ती मोठी होत गेली.

"उभी आहे का ती?" तिने विचारले.

"येतेय," तो म्हणाला.

"हं."

टेहळ्या जिन्याच्या पायरीवर बसला. ती खाली गेली आणि तिने रंगाऱ्याला बोलावून आणले. रंगाऱ्याने भिंतीवरचा जुना नियम पुसला व विचारले, "बाई, अक्षरं केवढी काढू?"

"मोठी."

"खोली तर एवढीशी आहे."

"तरी मोठी काढा."

नवा नियम असा होता: गोलात राहिली तर आपल्याकडेच. लाल.

त्या दिवसापासून दोघांनी जागा बदलल्या. ती वर माझ्यामागे बसू लागली आणि तो खाली खिडकीत, दोरीपाशी. ती मला बाहीने पुसे. फडके कोठे आहे, हे तिने कधी विचारले नाही.

पुढे ऋतू पालटला. एका सकाळी निशाण पुन्हा भिंतीवर आपटू लागले. पाण्यावर काळा डाग पडला, त्याच्या कडेने तुषार उठले, सोंड उतरली. लाँच माणसांनी भरून निघाली होती. तिने पेच आवळला. सोंड गोलात राहिली.

"लाल," ती म्हणाली. ओरडली नाही.

खाली त्याने काही विचारले नाही. दोरी ओढली गेली. लाँच वळली. ती धक्क्याला लागली तेव्हा उतारू चिडले होते. कुणी म्हणाले, "एवढ्याशा ढगाला घाबरून फिरवलं!" कुणी तिकीट परत मागू लागले. मग त्यांनी मागे पाहिले. सोंड धक्क्यापासून थोड्याच अंतरावर, लाँच जेथून वळली होती त्याच पाण्यावर येऊन तुटली. तिचे तुषार माझ्या काचेपर्यंत आले. एका बाईने मुलाला पोटाशी धरले होते.

दुपारी टेहळ्याची बायको डबा घेऊन खाली गेली. उघड्या झरोक्यातून मला ऐकू येत होते.

"गोलातच होती," ती म्हणाली.

"सगळे आले."

"सगळे."

मग डब्याचे झाकण निघाल्याचा आवाज आला.

कालांतराने मनोऱ्यावर पडदा असलेले यंत्र आले. ते ढगांच्या आतले सांगते; मला फक्त बाहेरचे दिसते. म्हणून मला येथे कठड्यापाशी आणून बसवले. टेहळ्या व त्याची बायको आता कामावरून निवृत्त झाली आहेत. कधी कधी ती दोघे संध्याकाळी धक्क्यावर येतात. माझ्याजवळ थांबत नाहीत.

माझी तुम्हास एवढीच विनंती आहे, मित्रांनो. माझ्या नळीवर नावे कोरू नका, माझ्या काचेत वाळू टाकू नका, आणि बोटांचे ठसे उमटले तर मऊ कापडाने पुसा. मी अजून दूरचे पाहू शकते. परंतु ऋतू पालटताना, एखाद्या सकाळी, काळ्या सपाट ढगाखाली सोंड दिसली, तर मला घट्ट धरा आणि पाहा. ती डावीकडे सरकली तर तुम्ही उजवीकडे चला. उजवीकडे सरकली तर डावीकडे. आणि ती मुळीच सरकली नाही, गोलात शांत उभी राहून नुसती मोठी होत गेली, तर माझी काच पुसत बसू नका, मला सावरू नका. पाण्यावर जे कोणी असेल त्याला हाक मारा, आणि मला तेथेच सोडून धावा.