शेवटची आज्ञा कुणाची?

मी स्विच बोलतोय. दिवा लावायचा नव्हे. चोवीस केबली खोचलेला, संगणकांच्या जाळ्यातला. रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, फिनेलच्या कॅनशेजारी, कपाटात माझा मुक्काम. रुग्णाने खाटेजवळचं बटण दाबलं की परिचारिकांच्या टेबलावर घंटा वाजते, ती माझ्यामार्फत. तीन वर्षांत माझ्यावरची धूळ कुणी पुसली नाही. खापर फोडायची वेळ येताच मात्र सगळ्यांना माझा पत्ता सापडला!

खोक्यातून निघालो तेव्हा मला ना नाव होतं, ना कुलूप. तंत्रज्ञ बाईने लॅपटॉपला निळी केबल जोडली आणि एकेक आज्ञा टाइप करून मला शहाणं केलं. नाव दिलं, पासवर्ड घातला, प्रत्येकाचं वेगळं खातं उघडलं. वॉर्डासाठीही एक, फक्त वाचण्यापुरतं. कोण कधी काय टाइप करतो, याची नोंद ठेवायला शिकवलं.

तिचा साहेब, मुख्य अभियंता, हसला होता. "एका दाराला इतक्या किल्ल्या?"

"कोण आत आलं ते कळायला नको का, साहेब?"

सोमवारी सकाळी या साहेबाने नवी एक्स-रे खोली जोडायला स्वतः आज्ञा टाइप केली. कुठल्या खोल्यांचे निरोप पुढे जाऊ द्यायचे, त्या परवानगीची यादी माझ्याकडे असते. तीत एखादी खोली वाढवायची तर आज्ञेत 'अ‍ॅड' लिहावं लागतं. ते गाळलं की जुनी यादी साफ, नवी खोली तेवढी उरते. नवशिक्याला हे पहिल्याच आठवड्यात बजावतात. साहेबाने गाळलं. मी हुकमाचा ताबेदार, यादी पुसली.

चाळीस मिनिटं घंटा मुक्या. सात नंबरचे आजोबा बटण दाबदाबून थकले, स्वतःच उठले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. बाई धावत आली आणि एका ओळीत तिने सगळं पूर्ववत केलं.

साहेबाचा अहवाल काय म्हणतो? 'तंत्रज्ञाची चूक, यंत्रही जुनाट.' बाई निलंबित. मला आज भंगारात काढायचं. माझी नोंद विजेवर जगते. प्लग निघाला की पुसली. साहेबाला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून ही लगबग!

पण त्याच्याआधी वॉर्डाच्या मुख्य सिस्टर लॅपटॉप घेऊन हजर. शेजारी बाई, हात पाठीमागे बांधून. मला हात लावायची तिला मनाई आहे, बोलायची नाही.

"सिस्टर, आता 'शो' लिहा, जागा सोडा, मग 'लॉगिंग'. नोंद दिसेल."

"थांब गं, एका बोटाने चाललंय माझं."

साहेब दारात आला. "सिस्टर, तुमचं काय काम इथे? सरका, प्लग काढायचाय."

"आजोबा माझ्या वॉर्डात पडलेत. त्यांच्या लेकीला तोंड मी दाखवायचंय, तुम्ही नाही. हात मागे घ्या!"

त्यांनी एंटर दाबलं. मी सगळं ओकलो: सोमवार, दहा वाजून बारा मिनिटं, साहेबाचं खातं, अख्खी आज्ञा.

सिस्टरांनी ते खड्या आवाजात वाचलं. कॉरिडॉरमधली माणसं थबकली. साहेब म्हणाला, "यंत्र काहीही दाखवतं."

नाही हो, साहेब! यंत्र सांगितलेलं करतं. वाचकहो, 'यंत्र बिघडलं' असं कुणी म्हणालं, तर त्याच्या आधीची शेवटची आज्ञा कुणी दिली ते विचारा. सिस्टर आता फोनवर पडद्याचा फोटो काढताहेत. तेवढा एक फोटो नीट येऊ द्या, मग मला खुशाल उपटा.