संध्याकाळपर्यंत सैल होईल

माझं बूट दुरुस्तीचं दुकान आहे आणि माझ्या डोक्यात भुसा भरलेला आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

आमच्या टिल्लूला सहा वर्षं झाली. लघवीच्या जागेची त्याची पुढची कातडी जन्मापासूनच लांब आणि तोंडाशी घट्ट. लघवी करताना ती आधी फुगायची, मग धार कशीबशी बाहेर यायची. दोनदा तिथे लाली धरली, आग होते म्हणून पोरगं घर डोक्यावर घ्यायचं. शेवटी बायको त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं, दीड महिना लावायला सांगितलं आणि ओढाताण अजिबात करायची नाही असं बजावलं. बायकोनं ते मला दोनदा ऐकवलं. मी बुटाची टाच ठोकत "हं, हं" केलं.

आता माझा धंदा काय, तर घट्ट बूट सैल करणं हाही त्यातलाच एक भाग. गिऱ्हाईक पायाला चावणारे बूट आणून टाकतं. मी आतून तेल चोळतो, पायाच्या आकाराचा लाकडी फर्मा घालतो आणि रोज त्याचा स्क्रू थोडा थोडा फिरवतो. चौथ्या दिवशी बूट पायात अलगद जातो. वीस वर्षांत एकही जोड माझ्या हातून फाटला नाही. मलमाची ती एवढीशी नळी बघून मला हसूच आलं. म्हटलं, कातड्यातलं मला कोण शिकवणार?

एके दिवशी बायको लवकर लाँड्रीत कामाला गेली होती. सकाळी सातला टिल्लूला आंघोळ मी घातली. तेल लावलं आणि कातडी मागे ओढली. तो किंचाळला. कातडी मागे गेली खरी, पण परत पुढे येईना. ढकलून पाहिलं, गार पाणी ओतलं, तरी येईना. काहीतरी चुकलं हे कळलं. पण कबूल कुणाजवळ करणार? बूटसुद्धा पहिल्या दिवशी कुरकुरतोच, अशी मीच माझी समजूत घातली.

"रडू नको," मी त्याला म्हटलं. "संध्याकाळपर्यंत सैल होईल."

त्यानं डोळे पुसले, चड्डी वर केली आणि तो शाळेत गेला.

दुपारी दोनला त्याच्या बाईंचा फोन आला. मुलगा सकाळपासून बाकावर बसत नाही, भिंतीला टेकून उभा आहे, डबाही उघडला नाही, विचारलं तर काही बोलत नाही. हातातली आरी तिथेच टाकून मी धावलो. शाळेत त्याला आडोशाला नेऊन पाहिलं. कातडीचं कडं मागे करकचून आवळलं होतं आणि पुढचा भाग सुजून काळानिळा पडला होता. त्याला उचलून रिक्षात घातलं आणि बायकोला फोन केला.

ती लाँड्रीतून तशीच ओल्या बाह्यांनी इस्पितळात आली. तरुण डॉक्टर टिल्लूला तपासत होता. त्यानं विचारलं, हे कधीपासून आहे? बायको माझ्याकडे बघत होती.

"आत्ताच," मी म्हटलं. "मधल्या सुट्टीत झालं असेल."

डॉक्टर म्हणाला, मग जरा अवधी आहे. आधी बर्फानं सूज उतरवून बघू. नर्स बर्फ आणायला गेली, तेवढ्यात तो बायकोला समजावू लागला. बोटाला रबरबँड आवळून ठेवला की बोट काळं पडतं, तसंच हे. रक्त अडतं. फार तास गेले तर पुढचा भाग मरायलाही लागतो.

समोर घड्याळ होतं. तीन वाजले होते. सातपासून तीन, म्हणजे आठ तास. खोटं तसंच ठेवलं तर बायकोसमोर माझी अब्रू राहणार होती आणि पोराचं वाटोळं होणार होतं. एवढा साधा हिशेब, पण तोंड उघडायला मला वेळ लागला, याची लाज मला जन्मभर पुरेल.

"सकाळी सातपासून आहे," मी म्हटलं. "मीच ओढली. बूट ताणतो तशी."

डॉक्टरनं बर्फ परत पाठवला. टिल्लूला आत घ्यायला सांगता सांगता तो एवढंच बोलला, "तुमचं चामडं मेलेलं असतं हो. हे जिवंत आहे."

बायको बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या हातांना तेलाचा आणि कातड्याचा वास येत होता. मी ते काखेत दाबून धरले. आतून आवाज येत नव्हता आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

पाऊण तासानं डॉक्टर बाहेर आला. भूल देऊन नुसतं दाबून भागलं नाही, आवळलेल्या कड्याला छोटा छेद द्यावा लागला. पण रक्त सुरू झालंय, रंग परत येतोय. जखम भरली की नीट ऑपरेशन करून टाकू. अजून दोन-तीन तास गेले असते तर काही सांगता आलं नसतं, असं तो म्हणाला.

टिल्लू खाटेवर अर्धवट जागा होता. मी जवळ गेलो तसं त्यानं डोळे उघडले.

"बाबा, मी शाळेत रडलो नाही," तो म्हणाला. "संध्याकाळ झाली का?"

खिडकीत ऊन होतं. माझ्या मागे बायको उभी होती.

"नाही रे," मी म्हटलं. "मी तुला चुकीचं सांगितलं होतं."

मी त्याच्या केसांवरून फिरवायला हात पुढे केला. त्यानं दोन्ही मुठींनी कमरेवरची चादर घट्ट धरली.