एका गाण्याचे दोन कोड

सकाळी दहा चाळीसला ताईंच्या पडद्यावर लाल ओळ आली : एकच ध्वनिमुद्रण, दोन कोड.

ऑनलाइन येणाऱ्या प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-अंकांचा कोड देणं हे ताईंचं काम. ऑफिसात त्यांना सगळे नंबरवाल्या ताई म्हणत. नियम सोपा होता. एका ध्वनिमुद्रणाला एकच कोड. ते पुढे कितीही संग्रहांत गेलं तरी तोच. गाणं किती वेळा ऐकलं गेलं, तो आकडा कोडालाच चिकटलेला. कोड गेला की आकडाही गेला. चौदा वर्षांत ताईंनी यात केसाएवढी चूक केली नव्हती.

शेजारच्या टेबलावरची सहकारी वाकून म्हणाली, "अहो ताई, दुसरा कोड तुम्हीच दिलाय की! आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा."

"तारीख बघ."

तिने पाहिली आणि जीभ चावली. ताईंचा धाकटा भाऊ गेला, त्याच आठवड्यातली तारीख. गाणंही त्याचंच, एकुलतं एक. रजा न घेता ताई कामावर आल्या होत्या. एका संग्रहासाठी ते गाणं समोर आलं, तेव्हा जुना कोड शोधायचं सोडून त्यांनी नवा देऊन टाकला होता.

साहेब केबिनच्या दारातूनच म्हणाले, "संग्रहवाले काही बदलायला तयार नाहीत. नवा राहू दे, जुना काढा."

"जुन्यावर तेराशे बारा आहेत साहेब. नव्यावर नऊ."

"माहितीये हो. पण दोन्ही ठेवले तर डुप्लिकेट म्हणून दोन्ही उडतील."

ताईंनी जुन्या कोडापुढे खूण केली आणि बटण दाबलं.

दुपारी आईचा फोन आला. सकाळचं आवरलं की ती ते गाणं लावायची आणि आकडा बघायची.

"अगं, तेराशे बारा झाले! काल तेराशे नऊ होते."

"तू किती वेळा लावलंस?"

"दोनदाच. तिसरी तू ना?"

"नाही." भाऊ गेल्यापासून ताईंनी ते एकदाही ऐकलं नव्हतं.

"मग कोण गं?"

"असेल कोणीतरी."

"बघ, ऐकतात लोक. जेवलीस का?"

"जेवले." डबा अजून पिशवीतच होता.

जुन्या कोडाचं गाणं सगळीकडून निघायला दोन दिवस लागतात. काढलेला कोड पुन्हा कोणालाही देत नाहीत.

संध्याकाळी सहाला, निघण्यापूर्वी, ताईंनी एकदा पाहिलं. गाणं जागेवर होतं. तेराशे तेरा.