ग्रहणात काय चिरलं होतं?

गोरेगावहून सेनगावला जाणाऱ्या जीपमध्ये बाया आधी पुनमच्या तोंडाकडं बघतात, मग तिच्या डाव्या हाताकडं आणि मग तिच्या आईकडं, संगिताकडं. पुनमचा डावा हात कोपराच्या जरा खाली येतो आणि तिथंच गोल होऊन संपतो. बाया चुकचुकतात, सरकून बसतात आणि विचारतात, गिराणात काय चिरलं होतंस गं बाई? पोटुशीनं ग्रहणात विळी-चाकू धरला की लेकरू अधू निपजतं, हे त्या जीपमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्याला कुठं उतरायचंय हे जिला धड सांगता येत नाही, तिलासुद्धा.

पहिली दोन वर्षं संगिता रडली. भर मे महिन्यात तिनं लेकराला लांब बाह्यांची झबली घातली आणि पुनमचं अंग घामोळ्यांनी भरून गेलं. एका दुपारी त्या घामोळ्यांवर पावडर लावता लावता तिचं डोकं फिरलं. आपण हे कुणासाठी करतोय, असा तिला प्रश्न पडला आणि उत्तर काही सापडेना. तिनं सगळ्या झबल्यांच्या बाह्या कात्रीनं उडवल्या.

तेव्हापासून ती उत्तरं देते. एकीला सांगितलं दुधी भोपळा. एकीला सांगितलं कलिंगड, आणि अर्धं तुमच्याकडंच पाठवलं होतं की. बाजारच्या जीपमध्ये एका धोतरवाल्या बाबांनी विचारलं, तर म्हणाली नवऱ्याची मिशी. बाबांनी पिशवी उचलली आणि दुसरी जीप धरली.

खरं काय ते फक्त दोघींना माहीत होतं. त्या ग्रहणाला संगिता अंधाऱ्या खोलीत गोधडीवर उताणी पडून होती, हात अंगाला लावून, तीन तास. आणि खोलीच्या उंबऱ्यावर तिची सासू नर्मदाबाई पहाऱ्याला बसली होती. सुनेनं काही चिरणं तर सोडाच, कूससुद्धा बदलली नव्हती. पण कुणी विचारलं की नर्मदाबाईला नेमकी तेव्हाच चूल आठवायची, नाहीतर म्हैस. सहा वर्षं झाली, ती एकदाही बोलली नाही. जीपमधल्या बायांचा संगिताला राग यायचा, पण सासूच्या गप्प बसण्यानं ती आतून तुटायची.

आता धाकट्या जावेला, प्रियंकाला, सातवा लागला होता. तिच्या डोहाळजेवणाला झाकलेल्या दोन वाट्यांचं ताट पुनमनंच आणायचं, असं काकी-पुतणीचं ठरलं होतं. एका वाटीत पेढा, एकीत बर्फी. पोटुशी पेढ्याची उघडेल तर मुलगा, बर्फीची उघडेल तर मुलगी. पुनमनं आठ दिवस वाट्यांत खडे घालून सराव केला. ताट डाव्या हातावर टेकवायचं, उजव्यानं काठ धरायचा आणि जिभेचं टोक बाहेर काढून चालायचं. पहिल्या दिवशी सात वेळा सांडलं. शेवटच्या दोन दिवसांत एकदाही नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी नर्मदाबाई तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न करता ती म्हणाली की पुनमला आजच्या दिवस बाळापूरला मामाकडं धाडून दे.

"काहून?" संगितानं विचारलं.

"पोटुशीच्या नजरंसमोर नको. लोक बोलतेत."

"आत्या, पुनम रोज काकीच्या कुशीत झोपती. तवा नजर आडवी आली न्हाई. आज लोक आले की येती का?"

नर्मदाबाईनं तांदळातला खडा बाजूला टाकला आणि दुसरा शोधायला लागली. संगिता आत गेली. पुनमला तिनं पिवळा, बिनबाह्यांचा फ्रॉक घातला.

दुपारी मांडव बायांनी भरला. प्रियंका हिरवी साडी नेसून, फुलं माळून खुर्चीवर बसली होती. पुनम ताट घेऊन घरातून निघाली, जिभेचं टोक बाहेर. ती निम्म्यावर आली. शेजारची नीलाबाई झटकन उठली आणि तिनं प्रियंकाचा पदर ओढून तिच्या डोळ्यांवर धरला.

पुनम उभी राहिली. वाट्या किणकिणल्या.

नीलाबाई संगिताकडं वळून म्हणाली, "तुह्या हातानं गिराणात जे व्हायचं ते झालं. आता दुसरीच्या पोटावर काहून आणती?"

संगिताला काकडी आठवली, कोहळा आठवला, चांगली चार उत्तरं ओठांवर आली. पण पुनम काकीच्या झाकलेल्या तोंडाकडं बघत होती, आणि त्यापुढं संगिताला थट्टा सुचेना. तिला भयंकर राग आला होता, आणि तो नीलाबाईवर नव्हता.

"मावशी, आज खरं सांगायचं," ती म्हणाली. "पण मी न्हाई सांगत. तवा उंबऱ्यावर एक माणूस बसलं होतं. आत्या, तुमीच सांगा. मी काय चिरलं होतं?"

नर्मदाबाई पाण्याच्या घागरीकडं निघाली होती. संगिता आडवी आली नाही, नुसती बघत राहिली. सगळा मांडवच बघत होता. नर्मदाबाई घागरीपाशी थांबली, पण तांब्या काही तिनं बुडवला नाही.

"काहीच न्हाई," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मागच्यांनी काय, काय म्हणून विचारलं. तशी ती वळली. "काही न्हाई चिरलं म्हणलं. हलली न्हाई ती. तहान लागली म्हणून दोनदा पाणी मागलं तिनं, मी देलं न्हाई."

कुणीतरी म्हणालं, मग असं कसं झालं असेल.

"मला काय ठाव? चिरलं होतं ते मी." नर्मदाबाईचा आता बांध फुटला. "वैजनाथ पोटात होता. दिवाळीतलं ते मोठं गिराण. घरात दुसरं कोणी न्हाई, म्हैस व्यालेली, दावणीला वरडून राहिली. कोयता घेतला अन् भाराभर कडबा तोडला मी, गिराण सुटंपर्यंत. तीस वर्षं कोणाला बोलले न्हाई. पुनमचं बी माझ्याच माथी मारतील म्हणून गप बसले. आता बघा."

तिनं हात केला तिकडं सगळ्यांनी बघितलं. संगिताचा नवरा वैजनाथ भाताचं भलंमोठं पातेलं दोन्ही हातांनी उचलून आणत होता. एवढ्या बाया एकदम आपल्या हातांकडं का बघताहेत, हे त्याला कळेना. तो पातेल्यासकट मागं वळला.

प्रियंकानं डोळ्यांवरचा पदर काढला. नीलाबाईचा हात बाजूला केला. "पुनम, आण गं," ती म्हणाली.

"लवकर उघड काकी," पुनम म्हणाली, "हात भरून आला."

पुढच्या आठवड्यात सासू-सुना पुनमला घेऊन सेनगावला निघाल्या. जीपमध्ये समोरच्या बाईनं पुनमकडं बघितलं, हाताकडं बघितलं, चुकचुकली आणि संगिताकडं झुकून विचारलंच. संगितानं तोंड उघडलं. तेवढ्यात नर्मदाबाईनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"तिला काय इचारता?" ती म्हणाली. "मला इचारा."